चादरीचं दुसरं टोक

"पुन्हा," सासूबाई म्हणाल्या.

फिजिओबाईंनी जमिनीवर पडलेलं चादरीचं टोक उचललं, झटकलं आणि सासूबाईंच्या उजव्या हातात दिलं. नुसतं दिलं नाही, एकेक बोट वळवून त्यावर नीट बसवलं. मग आपली दोन टोकं धरून त्या उलट्या पावलांनी भिंतीपर्यंत मागे गेल्या. चादर दोघींच्या मध्ये ताणली. मी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी, कारण खोलीत शिरायला वाट नव्हती. या घरात लग्न होऊन आले तेव्हापासून चहा असाच गार होत आलाय.

टोक पुन्हा सुटलं. या वेळी सासूबाईंच्या हाताला ते कळलंसुद्धा नाही. चादर एका बाजूनं लोंबायला लागली तेव्हा त्यांनी हाताकडे पाहिलं.

"ताई, आज पुरे," फिजिओबाई म्हणाल्या. "आणि मी काय म्हणते, मेळाव्यात तुम्ही खुर्चीवर बसा ना. मधोमध, सगळ्यांना दिसाल अशा. घडी आम्ही घालतो."

"खुर्चीवर बसायला मी काय बक्षीस वाटायला येतेय?"

"तसं नाही हो ताई..."

"एक घडी. उभ्यानं, माझ्या हातानं, सगळ्यांसमोर. त्यानंतर मला खुर्चीवर बसवा नाहीतर कपाटात ठेवा."

अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्याला तेव्हा बरेच महिने झाले होते. पाय सुधारला होता. बोलणंही सुधारलं होतं. ते नसतं सुधारलं तरी घरात कोणी तक्रार केली नसती, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणायचे आणि त्या हसायच्या. पण उजव्या हाताची पकड काही परत आली नव्हती. आणि पुढच्याच महिन्यात मेळावा होता. त्यांनी सुरू केलेला व्यायाम शिकलेली माणसं गावोगावहून येणार होती. त्यांच्यासमोर सासूबाईंना एकदा, शेवटचं एकदा, चादरीची घडी घालायची होती. 'शेवटचं' हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, पण आम्हाला सगळ्यांना तो ऐकू आला.

व्यायाम म्हणजे हाच. दोन माणसं आणि एक चादर. ऐकून हसू येतं ना? मलाही यायचं. माझं आयुष्य आमच्या हार्डवेअरच्या दुकानात बिजागऱ्या आणि कड्याकोयंडे विकण्यात गेलंय. जी वस्तू हातात घेतल्यावर ठक्क आवाज करते तिच्यावर माझा विश्वास. लग्न ठरत होतं तेव्हा मुलाची आई काय करते असं विचारलं, तर उत्तर आलं, "चादरीच्या घड्या घालायला शिकवते." माझ्या वडिलांना वाटलं, थट्टा चाललीय. त्यांनी पुन्हा विचारलं, तर पुन्हा तेच उत्तर.

पण याची सुरुवात काही थट्टेत झाली नव्हती.

सासूबाई एका मोठ्या इस्पितळाच्या लॉन्ड्रीत कामाला होत्या. तळघरातली लांबलचक खोली. एका बाजूला धुण्याची यंत्रं, मधे इस्त्रीचे वाफेवर चालणारे रूळ आणि दुसऱ्या बाजूला घडी घालणाऱ्या बायका. रुळांमधून चादर कढत बाहेर यायची. दोघींनी दोन-दोन टोकं पकडायची, झटका देऊन ताणायची, लांबीत दुमडायची, पुन्हा दुमडायची, मग एकमेकींकडे चालत येऊन टोकाला टोक मिळवायचं. तोवर पुढची चादर आलेली असायची. यंत्र दम खात नाही, म्हणून बायकांनाही दम खाता यायचा नाही.

सासूबाईंच्या जोडीला होती शिडीमावशी. खरं नाव वेगळं होतं, पण ती इतकी उंच होती की इस्पितळात तिला कोणी दुसऱ्या नावानं हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. सासूबाई तिच्या काखेपर्यंत यायच्या. या दोघींची जोडी कोणी लावली कोण जाणे. शिडीमावशीनं झटका दिला की सासूबाई चादरीबरोबर चवड्यांवर उचलल्या जायच्या. त्यातून सासूबाईंचा डावा कान लहानपणीच्या तापात गेलेला आणि यंत्रांचा आवाज तर असा, की शेजारणीला काही सांगायचं तरी ओरडावं लागे. म्हणून दोघींनी एक खूण ठरवली होती. पकड नीट बसली की शिडीमावशी "हं" म्हणायची. ते ऐकण्यासाठी सासूबाई मान डावीकडे वळवून उजवा कान पुढे करायच्या, जरा थांबायच्या आणि मग ताणायच्या. ही मान लक्षात ठेवा, पुढे तिनं बराच गोंधळ घातला.

एक दिवस असाच झटका देताना सासूबाईंच्या पाठीत काहीतरी सरकलं आणि त्या आहे तिथे खाली बसल्या. त्यांना उचलून वर नेलं. डॉक्टरांनी सक्त विश्रांती सांगितली. घरी अंथरुणाला खिळल्या त्या खिळल्याच. आमचे हे तेव्हा लहान होते. सासरे कामावरून येऊन स्वयंपाक करायचे, भांडी घासायचे, कपडे धुवायचे. लॉन्ड्रीतल्या बाईच्या घरात तिच्या नवऱ्यानं धुतलेले मळकट कपडे वाळत पडायचे. "पाठीपेक्षा ते जास्त दुखायचं," असं सासूबाई सांगायच्या.

एकदा बाहेर ओल होती म्हणून सासऱ्यांनी चादर खोलीतच वाळत घातली. एक टोक खिडकीच्या गजाला गाठ मारून बांधलं, दुसरं खुर्चीवर टाकलं. ते कामावर गेल्यावर सासूबाईंना उठायचं होतं आणि हाताशी आधार नव्हता. त्यांनी खुर्चीवरचं टोक धरलं आणि हळूच मागे रेलल्या. पडल्या नाहीत. चादरीनं त्यांना धरून ठेवलं. त्या आणखी थोड्या रेलल्या, श्वास सोडला आणि त्यांच्या लक्षात आलं की पाठ दुखत नाहीये. कमी दुखतेय असं नाही, तेवढ्यापुरती दुखतच नाहीये. त्या तशाच रेलून उभ्या राहिल्या आणि रडल्या. हे त्यांनी मला स्वतः सांगितलंय, आणि त्या काही रडूबाई नव्हत्या.

मग रोज गज आणि चादर. पण त्यातही काहीतरी कमी पडत होतं. काय ते कळलं शिडीमावशी भेटायला आली तेव्हा. तिनं विचारलं, "हे काय चाललंय?" सासूबाई म्हणाल्या, "गाठ सोड आणि तू धर." दोघी रेलल्या. शिडीमावशी दमून आलेली, तिचा एक हात जरा सैल झाला, तसा सासूबाईंनी आपोआप आपला भार कमी केला; तिनं सावरलं, तसा यांनी वाढवला. दोघी कितीतरी वेळ तशाच झुलत राहिल्या.

"गज चांगला असतो," सासूबाई वर्गात सांगायच्या, "पण गज सोडत नाही. माणूस सोडतो. म्हणून लक्ष ठेवावं लागतं, आणि लक्ष ठेवलं की पाठ आपली आपण सरळ होते."

मला हे बोलणं मुळीच पटायचं नाही. पण त्या कामावर परत गेल्या आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच घड्या घालत राहिल्या, हे तर खोटं नाही.

लॉन्ड्रीत त्यांनी झटका बंद केला. झटक्याऐवजी दोघींनी सावकाश मागे रेलायचं, श्वास सोडायचा, चादर आपोआप ताणली जाते. वेळ तेवढाच लागतो. आधी बाकीच्या बायकांनी टर उडवली, मग एकीची कंबर धरली तेव्हा ती गुपचूप शिकायला आली, मग दुसरी. जेवणाच्या सुट्टीत जुन्या चादरी घेऊन तळघरात जोड्या झुलायला लागल्या. आणि त्यांना एक गंमत सापडली. समोरच्या टोकाला काय चाललंय ते कापडातून कळतं. कोण घरून भांडून आलीय, कुणाला बरं वाटत नाहीये, कुणाला दिवस गेलेत. दिवस गेल्याचं तर म्हणे नवऱ्याआधी लॉन्ड्रीला कळायचं.

अशात एक दिवस फिजिओबाई तळघरात उतरल्या. तेव्हा त्या अगदी तरुण होत्या, नुकत्याच नोकरीला लागलेल्या. इस्पितळाच्या सगळ्या विभागांतून पाठदुखीच्या बायका त्यांच्याकडे यायच्या आणि लॉन्ड्रीतून कोणीच नाही. त्यांना वाटलं, या बिचाऱ्यांना रजाच देत नसणार. त्या भांडायच्या तयारीनं आल्या होत्या. समोर बघतात तर बायका डोळे मिटून चादरींना लटकलेल्या.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"धर," सासूबाई म्हणाल्या आणि टोक पुढे केलं.

फिजिओबाई हा प्रसंग आजही रंगवून सांगतात. टोक धरून त्या ताठ उभ्या राहिल्या. सासूबाई जरा रेलल्या आणि म्हणाल्या, "पोरी, तुझा उजवा खांदा रुसलाय. कोणाशी भांडलीस?" फिजिओबाई घर सोडून आल्या होत्या, वडिलांशी बोलणं बंद होतं आणि त्या शहरात त्यांना ओळखणारं एक माणूस नव्हतं. त्या तिथे वाफेत उभ्या राहून हुंदके देऊन रडल्या. सासूबाईंनी टोक सोडलं नाही की काही समजूतही घातली नाही. फक्त आपल्या बाजूनं चादर तेवढी ताणून धरली.

पुढचं सगळं या दोघींनी मिळून केलं, आणि मी दोघींनाही मानते. सासूबाईंना करता यायचं, सांगता यायचं नाही. "असं करा" याच्यापुढे त्यांची गाडी जायची नाही. फिजिओबाईंनी त्याला क्रम लावला. आधी पावलं, मग श्वास, मग रेलणं, मग झोका, मग घडी. कोणत्या स्नायूला काय होतं ते त्यांनी शोधलं, कोणी रेलायचं नाही ते ठरवलं, ज्यांना उभं राहता येत नाही त्यांच्यासाठी बसून टॉवेल धरायचा प्रकार काढला. इस्पितळाच्या कँटीनमध्ये टेबलं सरकवून पहिला वर्ग भरला. मग शाळेचा हॉल, मग दुसऱ्या गावात, मग आणखी कुठेकुठे. दात काढणारे डॉक्टर यायचे, नाचणाऱ्या मुली यायच्या, नातवंडं उचलून पाठ धरलेले आजोबा यायचे. एक नवराबायको तर असे, की घरात एकमेकांशी बोलायचे नाहीत पण वर्गाला एकत्र यायचे, कारण वर्गात न बोलण्याचाच नियम होता. ते पुढे बोलायला लागले की नाही, ठाऊक नाही. चादर मात्र छान धरायचे.

आणि मान? सासूबाई एकदा दुसऱ्या गावचा वर्ग पाहायला गेल्या. तिथल्या हॉलमधल्या यच्चयावत लोकांनी रेलण्याआधी मान डावीकडे वळवली आणि थांबले.

"हे काय?" सासूबाईंनी विचारलं.

"ताई, ही तुमचीच श्रवणस्थिती," तिथली शिक्षिका म्हणाली.

घरी आल्यावर आम्हाला सांगताना त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मग फिजिओबाईंना फोन लावला. "अगं, माझा एक कान गेलाय म्हणून मी मान वळवते. त्यांचे दोन्ही धड आहेत ना? मग?" फिजिओबाईंनी पलीकडे कपाळाला हात लावला असणार. त्यांनी तर या मानेवर तास घेतले होते. पण मग त्या म्हणाल्या, "ताई, आता काढायचं कसं? कितीतरी लोक सांगतात, त्यानं मान मोकळी होते."

"मग ठेवा बाई. निदान तेवढ्यापुरते थांबतात तरी."

शिडीमावशी कधी कुठल्या व्यासपीठावर आली नाही. "मला घरच्या चादरी पुष्कळ आहेत," म्हणायची. ती गेली तेव्हा सासूबाईंनी कितीतरी दिवस चादरीला हात लावला नाही. वर्ग बंद, फोन बंद. मग एक दिवस नळ दुरुस्त करायला प्लंबर आला. त्याचं काम झाल्यावर सासूबाईंनी त्याला दोन टोकं दिली आणि म्हणाल्या, "धर." बिचारा हातातला पाना खाली ठेवून निमूट उभा राहिला. मी दुकानातून जेवायला आले तर घरात हे दृश्य. त्यानंतर वर्ग पुन्हा सुरू झाले.

मी मात्र कधी टोक धरलं नाही. "माझी पाठ ठणठणीत आहे, आई," एवढं माझं ठरलेलं उत्तर. त्यांनीही कधी आग्रह केला नाही. आमचं जमायचं ते तोंडानं. एकमेकींना टोमणे मारत आमचे दिवस मजेत जात होते.

तर त्या दिवशी फिजिओबाई गार चहा पिऊन गेल्या आणि सासूबाई मला म्हणाल्या, "व्यासपीठावर समोर तू उभी राहा."

मला वाटलं, झटका डोक्यातही थोडा गेलाय.

"मी? मला काही येत नाही. तुमच्या शिष्या शेकड्यांनी येतायत, त्यांतली एक घ्या."

"त्या मला सांभाळतात गं," त्या म्हणाल्या. "माझा हात सैल पडला की लगेच इतक्या हुशारीनं भार कमी करतात की मला कळतच नाही माझा हात कुठे आहे. फिजिओबाई तर सगळ्यांत हुशार. तू सांभाळणार नाहीस."

"म्हणजे मी दुष्ट आहे म्हणून?"

"तू खरी आहेस म्हणून. ओढशील तेव्हा ओढशील."

मी ओट्यावरचा टॉवेल खांद्यावर टाकला आणि चादरीची दोन टोकं धरली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती आणि मी पहिल्यांदा त्यांच्या समोर अशी उभी राहिले होते.

"तू चादर धरलीस की ट्रक ओढतेयस?"

"तुम्हीच म्हणालात ओढ."

"मी म्हटलं ओढशील तेव्हा ओढशील. आता रेल. श्वास सोड. सोड म्हणजे सोड, दुकान बंद झालंय."

मी रेलले आणि मला त्यांचा उजवा हात कळला. आता हे कसं सांगू? माझ्या डाव्या हातातल्या टोकाला बारीकशी थरथर येत होती, थांबत होती, पुन्हा येत होती. रोज मी त्या हाताला तेल लावायचे, नखं कापायचे, बाही चढवायचे. पण तो हात धरून ठेवायला किती जिवाचा आटापिटा करतोय ते मला माहीत नव्हतं. सासूबाई डोळे मिटून होत्या, तरी म्हणाल्या, "रडू नकोस, टोक हलतंय."

मग रोज दुकान बंद केल्यावर आमची तालीम. टोक कधी टिकायचं, कधी सुटायचं. सुटलं की मी सवयीनं आपल्याकडे खेचायचे आणि त्या भडकायच्या.

"खेचायचं नाही. लॉन्ड्रीत धुतलेली चादर जमिनीला लागली की पुन्हा धुवायला जायची. जोडीदारणीचं टोक सुटलं तर खेचलं की उरलेलंही सुटतं. जिची पकड शाबूत आहे तिनं हात वर करून चालत यायचं. माझं टोक सुटलं की शिडी दोन ढांगांत माझ्यापाशी असायची."

"शिडीमावशीच्या ढांगा माझ्याकडे नाहीत."

"मग चार टाक. पण ये."

मेळाव्याच्या आदल्या दिवसापर्यंत मी खेचतच होते. हात आधी उठायचे आणि डोकं नंतर यायचं. हार्डवेअरमध्ये निसटणारी वस्तू खेचूनच धरतात.

मेळाव्याचा हॉल गच्च भरला होता. खुर्च्या काढून टाकल्या होत्या, लोक जोडीजोडीनं चादरी धरून उभे होते. सगळे पांढरे कपडे, पांढऱ्या चादरी. मी दुकानातला नेहमीचा निळा ड्रेस घालून वर उभी, म्हणजे आधीच वेगळी दिसत होते. आमचे हे मागच्या दाराशी उभे होते. यांना गर्दीत गुदमरायला होतं, शिवाय आईच्या वर्गाचं यांनी आयुष्यात कधी तोंड पाहिलं नव्हतं. फिजिओबाई माइकपाशी. त्यांनी सांगितलं, ताई एक घडी घालतील, आपण सगळ्यांनी त्यांच्याबरोबर घालायची. बोलायचं नाही.

सासूबाई उठल्या. काठी खुर्चीला टेकवून ठेवली. मी त्यांच्या हातात टोकं दिली, बोटं वळवून बसवली नाहीत, कारण ती त्यांना स्वतः वळवायची होती. बराच वेळ लागला. मी मागे गेले. सासूबाईंनी मान डावीकडे वळवली. सगळ्या हॉलनं मान वळवली. मी "हं" म्हटलं. आम्ही रेललो.

टोक टिकलं. लांबीतली पहिली दुमड झाली. थरथर माझ्या हातापर्यंत येत होती, पण टोक टिकलं. सासूबाईंच्या कपाळावर घाम आलेला मला दिसत होता. दुसऱ्या दुमडीसाठी त्यांनी उजवा हात उचलला आणि तो अर्ध्यातच उघडला. टोक खाली पडलं.

आणि तेवढ्यात हॉलमधून सळ्ळकन आवाज आला. जोडीत सासूबाईंच्या जागी उभ्या असलेल्या प्रत्येकानं आपल्या उजव्या हातातलं टोक सोडलं होतं. ताईंनी सोडलं, म्हणजे सोडायचं असणार. शेकडो चादरी एका अंगानं लोंबत होत्या आणि सगळे शांतपणे पुढची वाट पाहत होते.

फिजिओबाईंचा हात माइककडे गेला. त्या सांगणार होत्या, हे यातलं नाही, टोक उचला. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्या माझ्याकडे पाहत होत्या. उजवा हात मोकळा, डाव्यात एकच टोक, आणि मान पुन्हा वळवलेली, उजवा कान माझ्याकडे.

माझे हात खेचायला उठले होते, खोटं कशाला बोलू. पण त्या तशा कान देऊन उभ्या राहिलेल्या पाहिल्या आणि मी हात वर केले, चादर जमिनीवरून उचलली गेली, आणि मी चालायला लागले. "हं," मी म्हटलं. "आले, आई."

जवळ जाऊन मी माझी टोकं त्यांच्या डाव्या हातात दिली. त्यांनी ती पकडली, चादर छातीशी धरली, मी खाली वाकून दुमड उचलली आणि घडी पुरी झाली. वाकडी झाली. लॉन्ड्रीतून नक्की परत आली असती. मी मागे वळून पाहिलं तर हॉलभर माणसं हात वर धरून एकमेकांकडे चालत येत होती. काही म्हातारी, काही लंगडत, काही एकमेकांना न ओळखणारी. कुणी हसत होतं, बरेचसे रडत होते.

"अगं बाई," सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "यांनी पण पाडलं की काय?"

"सगळ्यांनी."

"वेडे आहेत," त्या म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या. त्यांचा चेहरा मी त्याआधी इतका आनंदी पाहिला नव्हता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत फिजिओबाई घरी आल्या. या वेळी चहा गरम मिळाला. त्या जरा चाचरतच म्हणाल्या, "ताई, सगळीकडून विचारणा होतेय. ते टोक सोडणं आणि चालत जाणं... लोकांना फार भिडलंय. क्रमात घ्यायचं म्हणतायत."

"माझा निकामी हात शिकवणार तुम्ही?"

"तुमची परवानगी असेल तर."

"कान शिकवलात, हातही शिकवा," सासूबाई म्हणाल्या. "पण टोक सोडणाऱ्यापेक्षा चालत जाणाऱ्याकडे जास्त बघा. अवघड ते आहे. हिला विचारा."

पुढचा हिवाळा संपता संपता सासूबाई गेल्या. दुपारी झोपल्या त्या उठल्या नाहीत. फिजिओबाईंनी मला वर्ग घ्यायला बोलावलं. मी म्हटलं, दुकान कोण बघेल? त्यांनी आग्रह केला नाही. त्या हुशार आहेत.

परवा सुट्टीच्या दिवशी पलंगाची मोठी चादर धुतली. वाळून खडखडीत झाल्यावर घडी घालायला घेतली तर एकटीला आवरेना. खिडकीच्या गजाला एक टोक गाठ मारून बांधलं आणि दुसरं धरून रेलले. गज जागचा हलला नाही. मी तशीच उभी राहिले. किती वेळ, सांगता येणार नाही.

हे आतून आले. गाठ सोडली, आपली दोन टोकं धरली आणि मागे भिंतीपर्यंत गेले. चादर ताणली. मी रेलणार, तेवढ्यात हे थांबले. मान डावीकडे वळवली आणि उजवा कान माझ्याकडे करून वाट पाहत उभे राहिले.

यांचे दोन्ही कान ठणठणीत आहेत.

मी "हं" म्हटलं.